रोम शिकवायचं तर पावापासून

रोमचा पाठ सुरू करताना फळ्यावर 'इ.स.पू. ७५३' लिहू नका. एका पावाचा फोटो दाखवा.

पाव नेपल्सजवळच्या हर्क्युलेनियम गावातला आहे. गोल, कोळशासारखा काळा आणि वर खाचा अशा, की हाताने मोडला तर आठ फाका व्हाव्यात. मुलं आधी केक म्हणतील, मग पिझ्झा. मागच्या बाकावरून 'करपलेली भाकरी' असं उत्तर आलं तर त्याला शाबासकी द्या, कारण ते खऱ्या उत्तराच्या सगळ्यांत जवळ आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्या उष्णतेत पावाचा कोळसा झाला आणि गावाबरोबर तोही गाडला गेला. कोळसा कुजत नाही, म्हणून तो आजही आहे.

आता फोटो मोठा करा. पावावर शिक्का दिसतो. त्याचा अर्थ असा की हा पाव केलेरचा, आणि केलेर म्हणजे क्विंटस ग्रेनियस व्हेरस याचा गुलाम.

इथे गप्प बसा. शिक्षकाला सगळ्यांत अवघड जाणारं काम हेच, पण दोन मिनिटं जमवा. पावावर नाव कशाला? गुलामाचं नाव का, मालकाचं एकट्याचं का नाही? हा पाव खाणार कोण होतं? मी हा फोटो दाखवला तेव्हा सहावीतल्या एका मुलीने सांगितलं, "सर, गिरणीत दळणाच्या डब्यावर आई नाव घालते, तसं." अभ्यासकांचा एक अंदाज अगदी असाच आहे. एका भट्टीत अनेक घरांचे पाव भाजले जात, तेव्हा आपला ओळखता यावा म्हणून शिक्का. पाठ्यपुस्तकातल्या 'रोमन समाजात गुलामगिरी होती' या वाक्याने जे होत नाही, ते त्या डब्याने झालं. केलेरला एक काम मिळालं, एक घर मिळालं आणि त्याच्या डोक्यावरचा मालकही दिसला.

माझा आग्रह एवढाच की रोम शिकवताना आधी वस्तू यावी, मग प्रश्न, मग गोष्ट. सनावळी आणि सम्राट सगळ्यांत शेवटी. उलट क्रमाने गेलं की मुलांना ऑगस्टस, टायबेरियस, कॅलिग्युला, क्लॉडियस, निरो ही नावं पाठ होतात आणि परीक्षेनंतर आठ दिवसांत पुसली जातात.

पाव हातात आहेच, तर त्याच तासाला शब्दही उलगडून घ्या. 'पाव' पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आला. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, आणि लॅटिनमध्ये पावाला 'पानिस' म्हणतात. 'चावी', 'पाद्री' आणि 'पगार' हे शब्दही त्याच वाटेने आले. चावीमागे लॅटिन 'क्लाविस', पाद्रीमागे 'पातेर' म्हणजे बाप. पगारामागचं मूळ क्रियापद 'शांत करणे' या अर्थाचं आहे. देणेकऱ्याने पैसे टाकले की घेणेकरी शांत होतो, हे मुलांना पटकन कळतं, आणि मोठ्यांना त्याहून पटकन!

पण दुसरंही एक नातं आहे, आणि ते उसनवारीचं नाही. फळ्यावर सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर लिहा आणि शेजारी सप्त, अष्ट, नव, दश. लॅटिनमध्ये सात म्हणजे 'सेप्टेम', आठ 'ऑक्टो', नऊ 'नोवेम', दहा 'देकेम'. वर्ग आधी खूश होईल आणि मग कुणीतरी हरकत घेईल की सप्टेंबर तर नववा महिना. हरकत घेतलीच नाही तर तुम्हीच घ्या. उत्तर असं की जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई, त्या हिशेबाने तो सातवाच. जुलैचं आधीचं नाव 'क्विंटिलिस' म्हणजे पाचवा, आणि ऑगस्टचं 'सेक्स्टिलिस' म्हणजे सहावा. इ.स.पू. ४४ मध्ये पाचव्याला ज्युलियस सीझरचं नाव मिळालं आणि इ.स.पू. ८ मध्ये सहाव्याला ऑगस्टसचं.

या टप्प्यावर एक सावधगिरी बाळगा. अग्नीला 'इग्निस', दाताला 'देन्स', देवाला 'देउस' म्हणतात हे ऐकलं की कुणीतरी छाती फुगवून म्हणतं, "म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलं." गेलेलं नाही. संस्कृत आणि लॅटिन या एकाच जुन्या घरातल्या बहिणी आहेत, त्यांच्यात मायलेकीचं नातं नाही. 'पाव' आणि 'सप्त' हे दोन शब्द शेजारी ठेवून उसना शब्द कोणता आणि रक्ताच्या नात्याचा कोणता, एवढा फरक मुलांना करता आला तर भाषाशास्त्राचा पहिला धडा झाला.

वारांचा खेळ आठवीच्या पुढे घ्या, कारण त्यात थोडं गणित आहे. रोमनांचा 'मार्सचा दिवस' तोच आपला मंगळवार. मर्क्युरीचा बुधवार, जुपिटरचा गुरुवार आणि व्हीनसचा शुक्रवार. ही ग्रहांच्या वारांची पद्धत ग्रीक ज्योतिषाच्या संपर्कातून आपल्याकडे आली. पंचांगातला 'होरा' शब्दही मूळचा ग्रीकच. मग कोडं घाला की वारांचा क्रम असा विचित्र का. प्राचीन समजुतीप्रमाणे पृथ्वीपासून सगळ्यांत दूरच्या ग्रहापासून सुरुवात करून शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम लावा. दिवसाच्या प्रत्येक तासाला ओळीने एकेक ग्रह द्या. शनिवारचा पहिला तास शनीचा असेल, तर चोवीस तास संपल्यावर पंचविसावा कुणाचा येतो? मुलांना बोटं मोजू द्या. रवी येतो, म्हणून शनिवारनंतर रविवार. मग चंद्र, मग मंगळ. रोमन इतिहासकार कॅसिअस डिओ याने हे स्पष्टीकरण नोंदवून ठेवलं आहे. गणिताच्या शिक्षकांना हा तास आवर्जून बघायला बोलवा.

आता पुराणकथांकडे. इथे आपल्या मुलांना एक मोठी सोय आहे आणि तोच सापळाही आहे. देव, शाप, दैव, युद्धं, आकाशवाणी यांची त्यांना घरबसल्या सवय असते. रोमनांचा मूळपुरुष एनियास याची गोष्ट सांगा. ट्रॉय जळतं आहे, एनियासने म्हाताऱ्या बापाला, अँकायसीसला, खांद्यावर घेतलंय आणि धाकट्या मुलाचा हात धरलाय. वर्गातून 'श्रावणबाळ!' अशी आरोळी येणारच. येऊ द्या, पण तिथेच थांबू नका. बापाच्या हातात घरातले देव आहेत, ते का? बायको क्रेउसा मागून चालत होती आणि अंधारात हरवली. तिला मागे कुणी ठेवलं? श्रावणबाळ आईवडिलांना काशीला नेत होता, हा बापाला कुठे नेतो आहे? साम्याने मूल गोष्टीच्या दारापर्यंत येतं, आत जायला फरक लागतो.

जुपिटर म्हणजे इंद्र, व्हीनस म्हणजे रती, असं जोड्या लावण्याचं काम तर कधीच देऊ नका. जुपिटरचं नाव वैदिक 'द्यौष्पितृ'शी जुळतं हे खरं, पण नाव जुळलं म्हणून पूजा, स्वभाव आणि गोष्टी जुळत नाहीत. रोमनांनीही ग्रीक देवांशी आपल्या देवांच्या जोड्या लावल्या, आणि त्यातही काही देव जोडीशिवाय उरले. दोन तोंडांचा जेनस त्यातला एक. दाराचा देव तो, एक तोंड आत आणि एक बाहेर. जानेवारी त्याच्याच नावाचा. मुलांना तो फार आवडतो, चित्रही सोपं. घरातल्या छोट्या देव्हाऱ्यात रोमन लोक 'लारेस' या गृहदेवतांना नैवेद्य दाखवत. तेव्हा 'आपल्या देवघरात काय असतं, त्यांच्यात काय असेल' असा शोध घ्यायला सांगितलं तर तो जोड्या लावण्यापेक्षा पुष्कळ बरा.

रोम्युलस आणि रीमस यांची गोष्ट पाचवीपासून सांगता येते. टायबर नदीत सोडलेली जुळी बाळं, त्यांना दूध पाजणारी लांडगी, मोठेपणी दोघांनी शहर वसवायला घेणं आणि भांडणात भावाच्या हातून भावाचा खून. शेवटचा भाग गाळू नका. आपलं शहर भावाच्या रक्तावर उभं आहे, असं रोमन लोक स्वतःच सांगत, आणि एखाद्या समाजाने स्वतःविषयी असं काही सांगावं ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. २१ एप्रिल, इ.स.पू. ७५३ ही तारीख या कथेला नंतर चिकटली. लिव्ही हा रोमन इतिहासकार ऑगस्टसच्या काळातला, म्हणजे घटनेनंतर सातशे वर्षांनी लिहिणारा. त्यानेच ग्रंथाच्या सुरुवातीला सांगून ठेवलंय की या जुन्या कथा मी खऱ्याही ठरवत नाही आणि खोट्याही. वर्गात वापरायला याहून प्रामाणिक वाक्य मिळणार नाही. मग रोमच्या संग्रहालयातल्या प्रसिद्ध ब्राँझच्या लांडगीचा फोटो दाखवा. पोटाखालची दोन बाळं तिला पंधराव्या शतकात जोडली. लांडगीही प्राचीन नसून मध्ययुगातली असावी, असं तिच्या तपासणीनंतर अनेकांचं मत झालं आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलेला पुरावाही तपासावा लागतो, हे मुलांना इथे भाषण न देता कळतं.

प्रजासत्ताक शिकवताना मात्र व्याख्या बाजूला ठेवा आणि सरळ मतदान घ्या. हा तास मी अनेकदा घेतलाय आणि दरवेळी वर्गात गोंधळ होतो. व्हायलाच हवा.

चाळीस मुलांचा वर्ग धरू. चिठ्ठ्या टाकून अकरा मतगट करा. पहिल्या सहा गटांत मिळून फक्त आठ मुलं असतील, ते श्रीमंत. उरलेल्या पाच गटांत बत्तीस मुलं कोंबा. प्रत्येक गटाला एकच मत, आणि मतदानाची सुरुवात श्रीमंत गटांपासून. प्रश्न साधा ठेवा. उद्या खेळाचा तास हवा की चित्रकलेचा? आठ मुलांच्या कानात आधीच सांगून ठेवा की चित्रकला म्हणायचं. सहा गटांची मतं एकाच बाजूला पडली की अकरापैकी बहुमत झालं, मतदान संपलं. बत्तीस मुलांची पाळीच येत नाही. त्यांच्यातला जो आरडाओरडा होतो, तोच तुमचा धडा. तो शमल्यावर सांगा की लिव्हीच्या वर्णनाप्रमाणे रोममध्ये असे १९३ गट होते. त्यातले १८ घोडेस्वारांचे आणि ८० पहिल्या संपन्न वर्गाचे, मिळून ९८. बहुमताला ९७ पुरत. बायकांना आणि गुलामांना तर मतच नव्हतं. मग इ.स.पू. ५०९ पासूनची व्यवस्था सांगा. राजा नको म्हणून दोन कॉन्सल, तेही एक वर्षापुरते आणि एकमेकांना अडवू शकणारे. सर्वसामान्यांच्या बाजूने 'नकार' देणारे ट्रिब्यून. आता मुलं ऐकतात, कारण त्यांना स्वतःचा राग आठवत असतो. चिठ्ठ्या टाकण्याचं सोडू नका. कोण श्रीमंत आणि कोण तळाला हे तुम्ही ठरवलंत, तर आपल्या वर्गांमध्ये त्याचे भलतेच अर्थ निघतात.

याच कारणासाठी गुलामांच्या बाजाराचं नाट्य वर्गात करू नये. काही ठिकाणी करतात. एका मुलाला स्टुलावर उभं करून बोली लावायची, आणि बाकी हसतात. ते हसू रोमविषयी काहीच शिकवत नाही, आणि ज्या मुलाला स्टुलावर उभं केलं त्याला फार वेगळं काही शिकवतं. त्यापेक्षा केलेरच्या पावाकडे परत जा. त्याच्या एका दिवसावर दहा ओळी लिहायला सांगा, फक्त प्रत्येक वाक्यापुढे 'हे मला कशावरून माहीत' हे कंसात लिहायचं. मुलं स्वतःच शोधतात की दहापैकी सात ओळी अंदाज आहेत. स्पार्टाकसचं बंड, इ.स.पू. ७३ ते ७१, आठवी-नववीला सांगा. रस्त्याकडेला क्रुसावर दिलेल्या सहा हजार बंडखोरांसकट सांगा, पण लहानांना नको.

ग्लॅडिएटरांचं वेड मुलांना सिनेमातून असतंच. ते मोडू नका, तपासायला लावा. कलोसियम इ.स. ८० मध्ये टायटसच्या काळात खुलं झालं. प्रत्येक लढत मरेपर्यंत नसे, कारण शिकवून तयार केलेला लढवय्या महाग पडे. अंगठा खाली म्हणजे मरण, ही खूण आपल्या डोळ्यांत जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्राने रुजवली. रोमनांचा अंगठा नेमका कुठे वळत असे ते त्यांच्या लिखाणावरून नक्की ठरत नाही. सम्राट कॉमोडस सिनेमात आखाड्यात मरतो, प्रत्यक्षात त्याला एका कुस्तीगिराने गळा दाबून मारलं. ज्युलियस सीझर सम्राट नव्हता. रोम जळत असताना निरोने फिडल वाजवलं नाही, ते वाद्य तेव्हा नव्हतंच, आणि टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे इ.स. ६४ ची ती आग लागली तेव्हा निरो शहराबाहेर अँटियमला होता. पांढरेशुभ्र पुतळे मुळात रंगवलेले होते. आणि वर्गात 'रोमन मेजवानी' करणार असाल तर टोमॅटो, बटाटा, मिरची ताटात येऊ देऊ नका. हे तिन्ही अमेरिकेतून आले, तेव्हा ते रोमकडेही नव्हते आणि आपल्याकडेही नव्हते. आपल्या आजीच्या आजीच्या कितीतरी आधीच्या आजीने मिरचीशिवाय आमटी केली असेल, हे ऐकून वर्ग रोमपेक्षा जास्त हादरतो.

आता माझ्या सगळ्यांत आवडीचा धागा. तो एका आठवड्याचा ऐवज आहे.

प्लिनी नावाचे दोघे होते, मामा आणि भाचा. थोरला प्लिनी मिसेनम बंदरात रोमन आरमाराचा प्रमुख होता आणि जगातल्या सगळ्या गोष्टींची नोंद करण्याचा त्याला छंद होता. व्हेसुव्हियस पेटला तेव्हा तो जहाजं घेऊन लोकांना सोडवायला गेला आणि किनाऱ्यावरच मेला. भाचा सतरा वर्षांचा. मामाने 'येतोस का' विचारलं तर तो म्हणाला, मला अभ्यास करायचाय. मागे डोंगर फुटतोय, आणि पोरगा लिव्हीच्या ग्रंथातून उतारे काढतोय! पुढे बऱ्याच वर्षांनी टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांत त्याने हे सगळं सांगितलं, म्हणून आपल्याला कळलं. त्या पत्राच्या हस्तलिखितांत तारीख ऑगस्टची आहे. पण २०१८ मध्ये, त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात, एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरची तारीख सापडली, आणि कोळशाचं अक्षर फार दिवस टिकत नाही. मग उद्रेक कधीचा? वर्गाचे दोन पक्ष करून वाद घाला.

याच थोरल्या प्लिनीने तक्रार लिहून ठेवली आहे की भारताच्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स साम्राज्याबाहेर जातात. पाच कोटी म्हणजे किती? त्या काळच्या रोमन पायदळ सैनिकाला वर्षाला ९०० सेस्टर्स मिळत. भागाकार मुलांना करू द्या. पंचावन्न हजारांहून जास्त सैनिकांचा वर्षाचा पगार निघतो. मग विचारा, प्लिनीने हे मोजलं असेल, की घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा 'सगळा पैसा चैनीत चाललाय' म्हणून कुरकुरत असेल?

आणि ज्या उद्रेकात प्लिनी मेला त्याच उद्रेकाने गाडलेल्या पाँपेईत, १९३८ मध्ये, एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर, अंगावर दागिने. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. मूर्ती विवस्त्र आहे, तेव्हा वर्ग बघून फोटो निवडा.

तेर म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकात इजिप्तहून येणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत ते आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. कल्याण, सोपारा, चौल हीही त्यात आहेत. नकाशा काढायला लावा. पैठणहून रत्नखडे, तगरहून कापड, गाड्यांतून भडोचला. तिकडून इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझमूर्ती निघाली, ती शहरातल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सहल काढता आली तर तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय किंवा कोल्हापूर, यांतलं एक जरूर बघा. लांडगी बघायला रोमला जावं लागेल, ही दोन एसटीने होतात.

मूल्यमापनासाठी प्रश्नपत्रिका काढायचीच असेल तर काढा, पण एक पत्रही लिहून घ्या. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलँडा इथल्या रोमन छावणीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवरची पत्रं सापडली. इ.स. १०० च्या सुमाराला क्लॉडिया सेव्हेराने मैत्रीण सल्पिशिया लेपिडिनाला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं बोलावणं धाडलं. मजकूर लेखनिकाच्या हातचा, शेवटच्या मायेच्या ओळी तिच्या स्वतःच्या. दुसऱ्या एका पत्रात कुणीतरी कुणाला तरी मोजे, दोन जोड सँडल आणि दोन अंतर्वस्त्रं पाठवल्याची नोंद आहे. थंडी होती ना! यांतल्या एका पत्राला मुलांनी उत्तर लिहायचं. अट एकच, उत्तरात त्या काळात नसलेली एकही वस्तू येता कामा नये. गुण त्याचेच.

आणि वेळ उरला तर शाडू आणा. सातवाहन काळात रोमन नाण्यांची इतकी नवलाई होती की तेर, कोंडापूर अशा ठिकाणी त्यांची मातीची नक्कल करून, भोक पाडून, गळ्यात घालत. मुलांनी एका बाजूला स्वतःचा चेहरा कोरायचा, दुसऱ्या बाजूला काय हवं ते. भोक ओलं असतानाच उदबत्तीच्या काडीने पाडा, आणि उन्हात ठेवू नका. शाडू सावलीत दोन दिवस वाळू द्या, नाहीतर नेमका नाकावर तडा जातो.